दिव्यांगांसाठी समुपदेशक व्हायचंय. अमेरिकेतल्या मास्टर्समध्ये नेमकं काय शिकवतात?

तुम्ही लिहिलंय की मानसशास्त्रात बी.ए. झालंय, धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि 'रिहॅबिलिटेशन काउन्सेलिंग'चा मास्टर्स करावा असं मनात आहे. फक्त तिथेही सगळं पुस्तकीच असेल अशी धास्ती वाटते. मी तो कोर्स केलाय आणि आता इथे अमेरिकेतल्या एका राज्याच्या व्यवसाय-पुनर्वसन विभागात (दिव्यांगांना नोकरीसाठी मदत करणाऱ्या खात्यात) काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकी अजिबात नाही. केक्रेपची (समुपदेशनाचे कोर्स तपासून मान्यता देणाऱ्या इथल्या संस्थेची) मान्यता असलेला कोर्स 60 क्रेडिटचा असतो, पूर्णवेळ केला तर दोन-अडीच वर्षं लागतात. अपंगत्वाची वैद्यकीय बाजू, त्याचा माणसाच्या मनावर आणि घरादारावर होणारा परिणाम, व्यवसाय-चाचण्या, कायदे, नीतिनियम असे विषय असतात. पण खरा कस लागतो तो प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या प्रत्यक्ष सरावात. त्याचे किमान 100 तास, त्यातले 40 प्रत्यक्ष क्लायंटसमोर. मग इंटर्नशिपचे 600, त्यातले 240 समोरासमोर. आणि दर आठवड्याला सुपरव्हायझरपुढे बसून आपल्या कामाची झडती.

माझी एक झडती मला अजून आठवते. क्लायंट सेरेब्रल पाल्सी असलेला तिशीचा तरुण, बोलायला वेळ लागायचा, शब्द ओढत यायचे. आमच्या भेटीचं रेकॉर्डिंग त्याच्या परवानगीने केलं होतं. सुपरव्हायझर बाई ते ऐकत होत्या आणि कागदावर पेन्सिलीने रेघा मारत होत्या. वीस मिनिटांत अकरा रेघा. मी त्याचं वाक्य मध्येच पूर्ण केलं की एक रेघ. तो म्हणत होता, "रात्रपाळी मला…" आणि मी म्हणाले होते, "नको, बरोबर ना?" त्याने मान हलवून विषय सोडून दिला होता. पुढच्या भेटीत मी गप्प राहिले. तेव्हा कळलं की त्याला रात्रपाळीच हवी होती. रात्री दुकानात गर्दी नसते, कुणी घाई करत नाही, त्याचं बोलणं ऐकायला माणसाला सवड असते. त्याच्या काळजीपोटीच मी त्याला हवी असलेली नोकरी नाकारून बसले होते. कुठल्याही पाठ्यपुस्तकाने मला एवढं शिकवलं नसतं. तुमच्या भावाच्या वतीने घरात कोण बोलतं, हे एकदा बघा.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या: हा कोर्स रोजगाराभोवती उभा आहे. कारण इतिहासात आहे. नागरिकांच्या व्यवसाय-पुनर्वसनाचा इथला केंद्रीय कायदा 1920चा, आणि 1954च्या दुरुस्तीने विद्यापीठांना असे समुपदेशक घडवायला पैसा मिळू लागला. त्यामुळे नुसतं मन मोकळं करून देऊन भागत नाही. टेप घेऊन कारखान्यात जावं लागतं, टेबलाची उंची मोजावी लागते, कामात वजन किती वेळा उचलायचंय ते मोजावं लागतं. मला हा भाग फार आवडतो. व्हीलचेअर टेबलाखाली जात नसेल तर टेबल बदला, एवढं सोपं उत्तर कितीदा तरी कुणी शोधलेलंच नसतं.

शेवटी सीआरसीची, म्हणजे प्रमाणित पुनर्वसन समुपदेशक होण्याची, परीक्षा. ती पास झाल्यावरही दर पाच वर्षांनी 100 तासांचं प्रशिक्षण दाखवून नूतनीकरण करावं लागतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. इथल्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन खात्याची, म्हणजे आरएसएची, शिष्यवृत्ती चांगली आहे (एका वर्षाच्या मदतीमागे दोन वर्षं सेवा), पण ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याने तिच्यावर गणित मांडू नये, विद्यापीठाकडे असिस्टंटशिपची (शिकता शिकता विद्यापीठातच करायच्या पगारी कामाची) चौकशी करावी.

आणि परत यायचं असेल तर? आपल्याकडे 1992च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. 'पुनर्वसन समुपदेशक' हा त्यात वेगळा वर्ग आहे, आणि नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर शिक्षेची तरतूद आहे. तुम्ही निवडलेली पदवी तिथे चालेल का, हे अर्ज भरण्याआधी परिषदेकडून लेखी घ्या. भारतातच राहून काम करायचं हे पक्कं असेल, तर मी आधी देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा विचार करेन. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातली 21 अपंगत्वं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला यांतलं इथे अमेरिकेत कुणीच शिकवत नाही, आणि भारतात तर रोज त्याच्याशीच गाठ पडते.

निर्णय काहीही होवो, भारतीय सांकेतिक भाषा आत्ताच शिकायला लागा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. अमेरिकेतली सांकेतिक भाषा वेगळी आहे, इथे भारतीय सांकेतिक भाषा चालणार नाही. पण भावाशी तर आजपासून बोलता येईल. तुमचं गाव प्रश्नात दिसलं नाही. कळवलंत तर जवळपास कुठे शिकता येईल तेही बघते.