सांडगी मिरचीला बुरशी का आली?

प्रिय सोनू,

तुझा मेसेज आणि फोटो मिळाला. "आजी साताऱ्याला गच्चीवर करते तश्शाच केल्या, ऊनही कडक होतं, फक्त मीठ जरा कमी घातलं. तिसऱ्या दिवशी देठापाशी पांढरी बुरशी. का?"

दोष उन्हाचा नाही, हवेचा. आजी वाळवणं घालते चैत्र-वैशाखात. तेव्हा देशावर दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते. जूनमध्ये मृग लागला की तीसुद्धा गच्चीवर काही टाकत नाही. न्यू जर्सीत सगळं उलटं: कुंडीतली मिरची भरात येते ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा हवा आपल्या श्रावणासारखी दमट. दिवसा उडालेला ओलावा रात्री दवातून परत शिरतो. उन्हात वाळवायचं तर ३० अंश सेल्सियस तरी तापमान हवं आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत. फोनवर हा दुसरा आकडाही बघत जा.

आणि मीठ कमी करायचं नसतं गं. ते चवीपुरतं नाही. मिरचीतलं पाणी ओढून घेतं आणि बुरशीला थारा देत नाही.

फोटोत ट्रेवर मिरच्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतायत, तेही चुकलं. बुरशी आलेल्या टाकून दे. पुसून, तळून वापरू नकोस.

आता पुन्हा कर. पाव किलो मिरच्या धू आणि कापडाने पुसून तासभर पंख्याखाली ठेव. देठापाशी पाणी अडकतं, बुरशी तिथूनच सुरू होते. देठ काढू नकोस, पण टोक आणि देठ सोडून मधे पूर्ण लांबीची चीर दे. चार मोठे चमचे धने आणि एक लहान चमचा मेथी थोड्या तेलावर परतून भरड कुटायचं. मेथी लालसर झाली की थांब, काळी पडली तर कडू होते. त्यात दोन लहान चमचे मीठ, अर्धा चमचा हिंग, अर्धा चमचा हळद आणि मसाला जेमतेम मुठीत वळेल एवढाच लिंबाचा रस. पातळ झाला तर आत ओल राहते.

भरलेल्या मिरच्या सुट्या सुट्या मांडून डिहायड्रेटरमध्ये १३५ फॅरेनहाइटवर रात्रभर लाव. सकाळी बघ, बहुधा आणखी काही तास लागतील. ओव्हनचा मोह नको. बरेचसे १७० च्या खाली उतरत नाहीत, मग साल वरून कडक होते आणि मसाला आत ओलाच राहतो. झाली की नाही ते कानाने कळतं: हलवली की खुळखुळते, मोडली की कट्कन तुटते. वाकली तर परत आत.

गार झाल्यावर काचेची बरणी दोन तृतीयांशच भर आणि आठवडाभर रोज हलव. काचेवर आतून थेंब दिसले तर पुन्हा वाळव.

पुढच्या वर्षी हालापेन्यो लावू नकोस. साल जाड, वाळता वाळत नाही. शिशितो घे, पातळ आणि बेताची तिखट. बी मार्चच्या मध्याला घरात रुजव, रोपं आठवडाभर दिवसा थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून सवय लाव, आणि मेच्या मध्यानंतर रात्री ५५ फॅरेनहाइटच्या वर राहायला लागल्या की वीस लिटरच्या कुंडीत हलव. खत हात राखून. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. नव्वदीच्या वर पारा गेला की फुलं गळतात. तेव्हा घाबरून जास्त पाणी घालू नकोस, दुपारी सावली कर.

तळताना तेल मध्यम तापलेलं असू दे. वीस-तीस सेकंदांत काळपट होते, तेवढ्यात काढ. दहीभातात चुरायची असेल तर आधी गार होऊ दे, गरम असताना मऊ लागते.

बाबा