घरी बांधलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प : आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तक्रारी

प्रश्न : दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह लावून पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करणारा) गिटार अ‍ॅम्प बांधला. निगेटिव्ह फीडबॅकची (आउटपुटचा थोडा सिग्नल उलटा करून मागे देणारी) वायर जोडली की कर्कश शिट्टी वाजते, काढली की थांबते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) बदलू का?

उत्तर : अजिबात नको. प्रायमरीची (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगची) टोकं उलटी लागल्यामुळे फीडबॅक पॉझिटिव्ह झालाय. दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटना (आउटपुटच्या टोकांना) जाणाऱ्या वायरींची अदलाबदल करा. त्याआधी प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे) रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि व्होल्टेज शून्यावर आलंय हे मीटरवर बघा. अ‍ॅम्प बंद केल्यावरही तिथे ३००-४०० व्होल्ट राहू शकतात, आणि तेवढे जीव घ्यायला पुरतात. घाईत ही पायरी गाळू नका.

प्रश्न : जुन्या बाजारात बिनलेबलचा ट्रान्सफॉर्मर मिळाला. मला ५००० ओहमची प्रायमरी हवीय, मीटर ३०० दाखवतो.

उत्तर : मीटर दाखवतो तो तांब्याच्या तारेचा डीसी रोध. ५००० हा स्पीकर जोडल्यावर व्हॉल्व्हला जाणवणारा एसी भार, तो ओहमच्या रेंजवर कधीच दिसणार नाही. ट्रान्सफॉर्मर सुटा ठेवा. मोबाइलवर २०० हर्ट्झचा टोन लावून तो छोट्या अ‍ॅम्पमधून सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) द्या, तिथे १ व्होल्ट एसी येईल इतपत आवाज वाढवा, मग प्रायमरीवर किती येतात ते वाचा. समजा २५ आले. वेढ्यांचं प्रमाण २५, वर्ग ६२५, गुणिले ८ ओहमचा स्पीकर : ५०००. तुमचं काम झालं. त्याच सेकंडरीला ४ ओहमचा स्पीकर लावलात, तर व्हॉल्व्हला २५००च दिसतील. १ व्होल्टऐवजी ६ दिलेत तर पलीकडे १५० उभे राहतात, म्हणून टोकं उघडी ठेवू नका.

तुमचा अ‍ॅम्प एका व्हॉल्व्हचा असेल, तर स्टॅम्पिंगमध्ये (कोअरच्या लोखंडी पट्ट्यांत) एअर गॅप, म्हणजे बारीक फट, आहे ना, तेही बघा. सगळा डीसी करंट एकाच दिशेने वाहतो. गॅप नसेल तर कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकत्वाची मर्यादा गाठून) गिटारच्या खालच्या तारा पोकळ वाजतात.

प्रश्न : वाजवताना स्पीकरची पिन निघाली. आता आवाज नाही, ईएल८४ व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड (आतली एक जाळी) लालबुंद होते.

उत्तर : लगेच बंद करा. स्पीकर नसताना प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज चढतं आणि इन्सुलेशन फुटतं. लक्षणांवरून प्रायमरी ओपन झालीय (तार तुटलीय). प्लेटला व्होल्टेजच मिळत नाही, म्हणून सगळा करंट स्क्रीन ओढते. मीटरने खात्री करा आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगला द्या.

प्रश्न : रोध बरोबर, तरी आवाज दबका आणि ट्रान्सफॉर्मर तापतो.

उत्तर : मला आतल्या वेढ्यांच्या शॉर्टची शंका येते. चार-दोन वेढे शॉर्ट झाले तरी रोधात फरक कळत नाही. सुट्या प्रायमरीला निऑन दिवा समांतर जोडा (लाइन टेस्टरमधला चालेल), ९ व्होल्टची बॅटरी लावा आणि झटक्यात काढा. दिवा चमकला तर वाइंडिंग ठीक. नाहीच चमकला, तर शॉर्ट आहे. टोकं क्लिपने धरा, झटका चांगलाच बसतो.