मोठ्या ऑर्केस्ट्रापुढे एकटा चेलो ऐकू कसा येतो?

येतो, पण ती करामत वादकाइतकीच संगीतकाराचीही. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊबंद, त्याचा आवाज मधल्या-खालच्या पट्टीतला. हॉर्न (पितळी फुंकवाद्य) आणि व्हायोलाही (व्हायोलिनहून जरा मोठा) तिथेच, त्यामुळे तो सहज दबतो. चेक संगीतकार द्वोर्झाकच्या बी मायनर चेलो कॉन्चेर्टोत (१८९५; कॉन्चेर्टो म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) तर तीन ट्रॉम्बोन आणि वर ट्यूबा, सगळी दणदणीत पितळी वाद्यं! पण त्यांचा दणका मुख्यतः चेलो थांबलेला असताना. चेलो गायला लागला की ही मंडळी बहुतेक गप्प, सोबतीला एखादी बासरी नाहीतर क्लॅरिनेट. शेवटाकडे चेलोबरोबर एकटं व्हायोलिन वाजतं, ते अजिबात चुकवू नका. जर्मन संगीतकार शूमानने आपल्या चेलो कॉन्चेर्टोत (१८५०) ऑर्केस्ट्रा मुळातच हलका ठेवला. त्याचे तिन्ही भाग सलग वाजतात, तेव्हा मध्येच टाळ्या नकोत. आणि हो, चेलोची खालची टोकदार दांडी अनेकदा लाकडी चौथऱ्यावर टेकलेली असते. पोकळ चौथरा असेल तर तोही थोडा घुमतो.