लिनक्समध्ये पासवर्ड बदलूनही सांबा जुनाच पासवर्ड का स्वीकारतो?

आपल्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजच्या संगणकांना वापरू देणारा प्रोग्राम) चालणाऱ्या फाइल सर्व्हरवर लिनक्समध्ये एका वापरकर्त्याचा पासवर्ड बदलला, तरी विंडोजवरून शेअर (सामायिक फोल्डर) उघडताना त्याचा जुनाच पासवर्ड चालतो. आणि काम सोडून गेलेल्या एकाचे खाते लिनक्समध्ये लॉक केले, तरी त्याच्या नावाने फोल्डर अजून उघडते. दोन्हींचे कारण एकच आहे. सांबा पासवर्डची नोंद स्वतःकडे वेगळी ठेवतो आणि पासवर्ड तपासताना लिनक्सच्या नोंदीकडे पाहतच नाही.

हे असे का, ते समजून घेतले तर पुढची बरीच कामे आपोआप सोपी होतात. लिनक्सच्या पासवर्ड-नोंदींच्या शॅडो फाइलमध्ये पासवर्डचा सॉल्ट (यादृच्छिक भर) मिसळलेला हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण) असतो, आणि तो पडताळायचा तर वापरकर्त्याने टाइप केलेला मूळ पासवर्ड सर्व्हरच्या हाती यावा लागतो. विंडोजच्या एनटीएलएम या पासवर्ड पडताळण्याच्या पद्धतीत मूळ पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही: सर्व्हर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, विंडोजचा संगणक पासवर्डच्या विंडोज-पद्धतीच्या हॅशच्या (एनटी हॅशच्या) आधारे तिच्यावरून उत्तर काढून परत पाठवतो, आणि सर्व्हर तेच गणित स्वतः करून दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहतो. त्यासाठी सर्व्हरकडे नेमका तोच एनटी हॅश असावा लागतो, आणि शॅडो फाइलमधल्या हॅशवरून तो काढता येत नाही. फार पूर्वी सांबा साधा पासवर्ड घेऊन तो युनिक्सच्या नोंदीशी ताडून पाहत असे. पण विंडोज एनटी ४ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजने उघडा पासवर्ड पाठवणे मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवले आणि तो मार्ग संपला.

सर्व्हरवर रूट (लिनक्सचा मुख्य प्रशासक) म्हणून ‘पीडीबीएडिट -एल -व्ही -यू’ (pdbedit -L -v -u) ही आज्ञा त्या वापरकर्त्याच्या नावासह चालवून पाहा. ‘पासवर्ड लास्ट सेट’ या ओळीत जुनीच तारीख दिसेल. ‘अकाउंट फ्लॅग्ज’ या ओळीत चौकटी कंसात नुसता ‘यू’ असेल, तर सांबाच्या लेखी ते खाते चालू आहे. बंद केलेल्या खात्यापुढे त्याच जागी ‘डी’ हे अक्षरही दिसते. पासवर्ड बदलायचा असेल, तर रूट म्हणून ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेपुढे वापरकर्त्याचे नाव द्यावे. खाते बंद करायचे असेल, तर त्याच आज्ञेला ‘-डी’ जोडावा. मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण खाते बंद झाल्यावरही आधीपासून जोडलेले सत्र तुटत नाही आणि त्या माणसाचा संगणक चालू असेल तर फाइली उघडतच राहतात. ‘एसएमबीस्टेटस’ने त्याच्या प्रोसेसचा क्रमांक पाहून ती प्रोसेस बंद केली, की काम पुरे होते.

लिनक्समधले खाते तरीही लागतेच, कारण फाइलीची मालकी आणि परवानग्या त्याच्याच क्रमांकावर ठरतात. ज्यांना सर्व्हरवर फक्त फाइलीच वापरायच्या आहेत त्यांना मी लिनक्सचा पासवर्ड देतच नाही: खाते ‘नोलॉगिन’ शेलसह (म्हणजे सर्व्हरवर थेट लॉगिन करता येणार नाही असे) तयार करायचे आणि पासवर्ड फक्त ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने सांबात घालायचा. मग दोन पासवर्ड जुळवत बसण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘युनिक्स पासवर्ड सिंक’ हा पर्याय अनेक जण सुचवतात, पण तो एकाच दिशेने चालतो. सांबात पासवर्ड बदलला तर लिनक्समधला बदलतो, उलट नाही. आपली अडचण नेमकी उलट दिशेची आहे.

एका गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते. एनटी हॅशमध्ये सॉल्ट नसतो आणि वर सांगितलेल्या पद्धतीत तो हॅश म्हणजे जवळजवळ पासवर्डच; ज्याच्या हाती तो लागला, त्याला मूळ पासवर्ड शोधण्याचीही गरज नसते. त्यामुळे हे हॅश ठेवणारी सांबाची ‘पासडीबी’ फाइल रूटशिवाय कोणालाही वाचता येता कामा नये. सर्व्हरवर हे सहसा नीट असते. मात्र बॅकअप घेताना हीच फाइल एखाद्या सामायिक फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि तिथे ती सर्वांसाठी खुली होते. आपला बॅकअप कुठे जातो, ते कृपया आजच तपासा.

सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मॅप टू गेस्ट’ हा पर्यायही पाहून घ्यावा. त्यापुढे ‘बॅड पासवर्ड’ लिहिलेले असेल, तर पासवर्ड चुकला तरी सांबा नकार न देता त्या माणसाला गुपचूप पाहुणा म्हणून आत घेतो. त्याला फोल्डर दिसते, पण लिहिता येत नाही, आणि सगळे जण परवानग्यांमध्ये दोष शोधत राहतात. खास गरज नसेल तर तिथे ‘नेव्हर’च असू द्यावे.

असे सर्व्हर दोन-तीन झाले, की प्रत्येकावर वेगळी खाती सांभाळण्यापेक्षा डोमेन (सर्व खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) उभारणे शहाणपणाचे. २०१२ साली आलेल्या सांबा ४.० पासून सांबा स्वतःच ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा (विंडोजच्या डोमेन व्यवस्थेचा) डोमेन कंट्रोलर, म्हणजे ती खाती सांभाळणारा सर्व्हर, होऊ शकतो. एकाच सर्व्हरसाठी मात्र तो व्याप करू नये.

बदल झाल्यावर चाचणी विंडोजवरून लगेच घेऊ नका. तिथे आधीची जोडणी उघडी असू शकते, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पासवर्ड जपून ठेवलेला असू शकतो, आणि एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी जोडायला गेलात तर विंडोज १२१९ क्रमांकाची त्रुटी दाखवते. सर्व्हरवरूनच ‘एसएमबीक्लायंट’ने त्या शेअरला आधी जुन्या आणि मग नव्या पासवर्डने जोडून पाहा. तिथे जुना नाकारला गेला आणि नवा चालला, तर सर्व्हरची बाजू बरोबर आहे. त्यानंतर विंडोजवर ‘नेट यूज’ने जुन्या जोडण्या काढून टाका, साठवलेला पासवर्ड पुसा आणि पुन्हा जोडा.