पुण्याहून बेळगावला लग्नाला गाडीने जाताय? मग हे वाचा

पहिलाच लांबचा प्रवास, त्यात घरचं लग्न, म्हणून मनापासून सांगते. अक्षतांच्या दिवशी पहाटे निघून वेळेत पोचू, हा हिशेब करूच नका. अंतर साधारण ३४० किलोमीटर, पण रस्त्याची कामं, मुलांची भूक आणि आजींचे पाय यांचा वेळ त्यात धरलेला नसतो. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, म्हणजे हळदही मिळते. निपाणी सोडली की तवंदी घाट लागतो; तिथे ट्रकच्या मागे शांतपणे राहा, ओव्हरटेकची घाई नको.

कपड्यांचं मात्र नीट ऐका. माझा शालू डिकीत पाण्याच्या कॅनखाली गेला, झाकण सैल होतं, आणि जरीचा काठ ओला होऊन पदराला रंग लागला. आईचा शालू होता, अजून हळहळ वाटते. तेव्हापासून लग्नाचे कपडे सुती पंच्यात गुंडाळून मागच्या सीटवर, दागिने पर्समध्ये.

फिरणं लग्न उरकल्यावरच. मे महिन्यात गोकाकच्या धबधब्याला पाणी नसतं, तो पावसाळ्यासाठी राखून ठेवा. त्याऐवजी बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघा. छतातलं दगडी कमळ मुलंसुद्धा मान वर करून बघत राहतात. एक दिवस जास्त असेल तर खानापूरकडे हलशीची कदंबकालीन मंदिरं.

भाषेची काळजी नको, बाजारात मराठी सर्रास चालते. तरी तिथल्या काकांशी बोलताना ‘बेळगावी’ऐवजी ‘बेळगाव’ म्हणा, त्यांना बरं वाटतं. आणि परतताना कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, निघायच्या दिवशीच घ्या, उन्हात गाडीत ठेवू नका.