पांढऱ्या पेशी भरपूर असताना फुफ्फुसात बुरशी कशी वाढते?

तुम्ही विचारलंय की बुरशीचे बीजाणू सगळ्यांच्याच श्वासात जातात, तर मग आजार तुमच्या काकांनाच का झाला? आणि सीओपीडीसाठी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) स्टेरॉइड चालू असताना त्यांच्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी उलट वाढलेल्या होत्या, त्या काय करत होत्या? मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. काकांचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, पण हा घोळ आमच्याकडे नेहमी दिसतो.

फुफ्फुसात वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचा बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा, त्यामुळे थेट वायुकोशांपर्यंत पोचतो. असे शेकडो बीजाणू आपण रोज ओढतो. (लॅबमध्ये बुरशी वाढवायच्या प्लेटवर दोन-तीन दिवसांत धुरकट हिरवा थर येतो. तिचं झाकण आम्ही सुरक्षा कॅबिनेटबाहेर उघडत नाही, बीजाणू लगेच उडतात.) वायुकोशातल्या मॅक्रोफेज पेशी ते गिळून संपवतात, तेही गाजावाजा न करता. करायलाच हवं असं, कारण प्रत्येक बीजाणूमागे सूज आली असती तर श्वास घेणं मुश्कील झालं असतं.

गाजावाजा न होण्याचं एक कारण बीजाणूच्या अंगावरच असतं. त्यावर रॉड-ए नावाच्या प्रथिनाचा रेनकोट असतो, पाणीही झटकून टाकणारा. तो काढला की एरवी गप्प बसणाऱ्या पेशी त्याच बीजाणूवर तुटून पडतात, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. बीजाणू ओल धरून फुगला, रुजायला लागला की हा थर फाटतो आणि आतलं बीटा-ग्लुकन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतली साखरेची साखळी) उघडं पडतं. ते ओळखणारा आपल्या पेशींवरचा रिसेप्टर (खूण ओळखणारं प्रथिन) म्हणजे डेक्टिन-१. २००१ मध्ये गॉर्डन ब्राउन आणि सियामन गॉर्डन यांनी त्याची ओळख पटवली. तिथून निरोप पेशीच्या आत सिक, मग कार्ड-९, मग एनएफ-कप्पा-बी या प्रथिनांमार्फत सरकतो आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-८ बाहेर पडतात. ही रसायनं न्यूट्रोफिलना (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) रक्तातून फुफ्फुसात बोलावून घेतात. थोडक्यात, शरीर बोंब ठोकतं ते बुरशी वाढायला लागल्यावर.

आता काकांचा आकडा. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल स्टेरॉइडमुळे सुटून रक्तात येतात, अस्थिमज्जेतूनही जास्त निघतात. आपण रक्त काढतो ते नेमकं त्याच प्रवाहातून, म्हणून आकडा फुगतो. पण भिंतीला चिकटल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, त्यामुळे फुफ्फुसात पोचणाऱ्या कमीच. शिवाय एनएफ-कप्पा-बीचा निरोप स्टेरॉइड दाबतं आणि मॅक्रोफेजची मारण्याची ताकदही घटते. भरीस भर म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन घातल्यावर ही बुरशी जास्त वेगाने वाढते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

आकडा आणि काम यांतला फरक पाहायचा तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज पाहावा. या जन्मजात आजारात न्यूट्रोफिल भरपूर असतात, वेळेवर पोचतातही. पण ऑक्सिजनपासून जहाल रेणू बनवणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम बिघडलेलं असतं. बुरशीचा तंतू गिळायला फार लांब, तो बाहेरून रसायनं सोडूनच मारावा लागतो, आणि तेच जमत नाही. या रुग्णांचा ॲस्परजिलस हा मोठा शत्रू.

उलट बाजूही आहे, पेशी कामाला लागल्या की त्रास वाढल्यासारखा दिसू शकतो. ल्युकेमियाच्या रुग्णांत केमोनंतर न्यूट्रोफिल परत येतात तेव्हा सीटीवरचा डाग कधी कधी आधी मोठा होतो, खोकल्यातून रक्तही पडतं. घरचे घाबरतात, साहजिक आहे, पण दर वेळी त्याचा अर्थ औषध फेल गेलं असा नसतो.

स्टेरॉइड मात्र मनाने बंद करू नका, अचानक तोडल्यास जिवावर बेतू शकतं. आणि व्होरिकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू झालं असेल तर काकांच्या श्वासाच्या पंपात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन ही स्टेरॉइडं आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. व्होरिकोनॅझोलमुळे यकृतात त्यांचा निचरा मंदावतो आणि पंपातलं स्टेरॉइडही रक्तात साचत जातं. औषधांची यादी देताना पंप हमखास राहून जातो.