गाडीचं दुखणं : आधी दाब, मग पोलाद

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्याकडे २००१ ची डॉज रॅम २५०० आहे. २४ व्हॉल्व्हचं ५.९ लिटर कमिन्स इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ४७ आरई. मागे दोन घोड्यांचा ट्रेलर असतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी इंजिनाचा जोर वाढवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवली. आता आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना चौथ्या गिअरमध्ये आरपीएम एकदम दोन-तीनशेनं वर जातात, वेग मात्र तेवढाच राहतो. गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास येतोय. एक गॅरेजवाला म्हणतो, साधा रिबिल्ड करा. दुसरा म्हणतो, बिलेट शाफ्ट आणि ट्रिपल डिस्क कन्व्हर्टर टाका. कुणाचं ऐकू? आणि हे काम घरच्या गॅरेजात जमेल का? – एक वाचक, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

उत्तर : ताई, पत्र वाचून होईपर्यंत ह्यांना सांगा, पेटी काढून ठेवा. भांडण झालं तर माझं नाव सांगा.

तुमच्या गाडीच्या वेळचं एक गणित बघा. २००१ साली याच इंजिनाचा ५०५ फूट-पाउंड टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) जास्त दमाचा अवतारही मिळायचा, पण फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलबरोबर. ऑटोमॅटिक मागितली की ४६०. त्याआधीची दोन-तीन वर्षं तर ऑटोमॅटिकवाल्याला ४२० वरच समाधान मानावं लागे. कारखान्याला आपल्या गिअरबॉक्सची ऐपत ठाऊक होती आणि त्यांनी इंजिनाला त्या हिशेबात ठेवलं होतं. पेटीनं तो हिशेब परस्पर मोडला.

या गिअरबॉक्सचं घराणं जुनं. पुढचे तीन गिअर म्हणजे १९६२ च्या टॉर्कफ्लाइट ७२७ चा वंश, मागे चौथ्या गिअरचा ओव्हरड्राइव्ह जोडलेला. (१९६२ सालीच पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. मी कोथरूडला तिथेच अप्रेंटिस होतो, म्हणून हे साल विसरत नाही.) नावातच सगळं लिहिलंय : ४ म्हणजे चार गिअर, ७ म्हणजे ताकदीचा वर्ग, आर म्हणजे मागची चाकं ओढणारा, ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. मूळ घडण पेट्रोल गाड्यांसाठीची. डिझेल १६०० आरपीएमच्या आसपासच सगळा जोर अंगावर टाकतं, आणि त्या वेळी गिअरबॉक्सचा तेलाचा पंपही इंजिनाबरोबर सावकाशच फिरत असतो, म्हणजे तेलाचा पुरवठाही कमीच.

आता तुमचं दुखणं. टॉर्क कन्व्हर्टर एरवी तेलातून जोर पुढे देतो. ठरावीक वेगाला आत एक क्लच लागतो आणि इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडले जातात. याला लॉकअप म्हणतात. मूळ कन्व्हर्टरमध्ये ही एकच प्लेट. चढावर तीच घसरतेय असं मला वाटतं. खात्री करून घ्या : ट्रेलर न जोडता सपाट रस्त्यावर साठ मैलांच्या वेगानं जाताना अॅक्सिलरेटर तसाच धरून ब्रेकला नुसता पाय लावा. आरपीएम वर जाऊन परत खाली बसले, तर लॉकअप लागतोय, म्हणजे हुकूम पोचतोय. मग चढावर तो सुटत नाही, घसरतोय. घसरण म्हणजे उष्णता, आणि तुम्हाला येतो तो वास त्या उष्णतेचाच.

कुठल्याही गॅरेजला चेक लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, थ्रॉटलपासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल. आतला तेलाचा दाब किती वाढवायचा हे ती सांगते. ती सैल असेल तर तुम्ही पाय दाबताय हे गिअरबॉक्सला कळतच नाही, आणि बिचारा हलक्या दाबावर आतल्या क्लचच्या प्लेटा जाळत बसतो. दुसरी, अल्टरनेटर. हसू नका. त्यातला डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गेला की बॅटरीच्या लाइनवर एसीची, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेची, लहर येते, कॉम्प्युटर गोंधळतो आणि लॉकअप लागतो-सुटतो, लागतो-सुटतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून बॅटरीला लावा, आकडा दशांश व्होल्टच्या आत हवा. या एका डायोडपायी लोकांनी अख्खे गिअरबॉक्स बदललेत. तिसरी, गेज लावून तेलाचा दाब मोजून घ्या आणि आकडे लिहून ठेवा. आधीचा आकडा नसेल तर रिबिल्डनंतर सुधारणा झाली हे कशावरून म्हणणार?

जळका वास आहे म्हणजे उघडावं लागणारच. साधा रिबिल्ड म्हणजे त्याच मापाच्या नव्या प्लेटा, सील, बँड (ड्रमला आवळून धरणारा पट्टा). ते दोन उन्हाळ्यांत पुन्हा जळेल. पण दुसऱ्या गॅरेजची सगळी यादीही मी घेणार नाही.

क्लच किती जोर पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं : घर्षण, त्रिज्या, दाब आणि घासणाऱ्या बाजू किती. त्रिज्या वाढवता येत नाही, कव्हर आहे तेवढंच. घर्षणात थोडाफारच फरक पडतो. उरतात दाब आणि बाजू. दाबासाठी व्हॉल्व्ह बॉडी (तेल कुठे आणि किती दाबानं जायचं ते ठरवणारा भाग) दुरुस्त करून घ्या. त्यातली भोकं झिजलेली असतात, तेल आतल्या आत पाझरतं. नवं स्प्रिंग आणि नवे व्हॉल्व्ह टाकून लाइनचा दाब वाढवतात. बाजूंसाठी ट्रिपल डिस्क, एका प्लेटेच्या जागी तीन. या दोन गोष्टींवर पैसे घाला, डोळे मिटून. कन्व्हर्टर घेताना स्टॉल (गाडी उभी धरून अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा) कमीच मागा. इंजिनाचा टॉर्क १६०० च्या आसपास मिळतो, आणि शर्यतवाल्यांचा उंच स्टॉल घेऊन घाटात घोडे ओढलेत तर तेल उकळेल.

बिलेट शाफ्ट, म्हणजे सबंध पोलादी गजातून कोरलेला. तो कधी लागतो? आजवर लॉकअप घसरत होता, म्हणजे एका अर्थी फ्यूजचं काम करत होता. तो घसरायचा थांबला की सगळा झटका इनपुट शाफ्टवर (कन्व्हर्टरकडून गिअरबॉक्सात जोर नेणाऱ्या दांड्यावर) येतो. पेटी राहणार असेल तर शाफ्ट घ्याच. पेटी गेली आणि ४६० वर आलात, तर दोन घोड्यांना मूळचा शाफ्ट पुरेल. ते पैसे गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या जास्त मोठ्या कूलरवर, खोल पॅनवर आणि तेलाच्या तापमानाच्या गेजवर घाला. मूळ पॅनला तेल सोडायचा बोल्टच नाही, दर वेळी कोपरापर्यंत आंघोळ होते. दुसरा गिअर धरणाऱ्या पुढच्या बँडचा स्ट्रट मात्र जाड पोलादी टाका. वस्तू स्वस्त आहे आणि एवीतेवी उघडताच आहात.

घरी जमेल का? मी कोलंबसला माझ्या गॅरेजात केलंय, आणि पहिल्यांदा फसलोय. तेव्हा माझ्याकडे १९९९ ची रॅम होती. डिसेंबर, बाहेर बर्फ, वर्कबेंचवर हिच्या जुन्या चादरी अंथरून सगळा गिअरबॉक्स मांडला होता. नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवल्या. थ्रस्ट वॉशर जागेवरून पडू नयेत म्हणून व्हॅसलिन लावून चिकटवले (ग्रीस नको, ते तेलात विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं). व्हॉल्व्ह बॉडीतल्या गोळ्या मोजून अंड्यांच्या खोक्यात ठेवल्या. क्लचच्या एकेका भोकात कॉम्प्रेसरची हवा मारली आणि आतून 'थप' आवाज आला. तो आवाज कोरडा, एकाच ठोक्याचा यायला हवा. नुसतं फुसकन झालं तर सील कापलं गेलंय, पुन्हा उघडा. माझा प्रत्येक क्लच थपकन वाजला आणि मी खुशीत चहा टाकला.

सहाशे मैलांवर गाडी पुन्हा घसरायला लागली. पॅन काढलं, तर नव्या कोऱ्या फिल्टरवर तीच जुनी काळी, चमचमती पूड. गिअरबॉक्स धुतला होता, कूलर नव्हता. एक डबा स्प्रे मारून 'झालं' म्हटलं होतं मी. जुन्या प्लेटांचा सगळा चुरा कूलरच्या नळ्यांत बसला होता आणि गरम तेलानं तो माझ्या नव्या प्लेटांवर आणून ओतला. तेव्हा समोरचा कूलर सरळ नवा घ्या. या गाडीत इंजिनाच्या पाण्यावर थंड करणारा आणखी एक कूलर इंजिनापाशीच असतो, तोही बदला. कूलरच्या लाइनमध्ये एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो, तो चुऱ्यानं अडकला तर तेल पुढे जातच नाही, तोही नवा. आणि जुना कन्व्हर्टर परत बसवायचा मोह टाळा, त्याच्या पोटातला चुरा कुणालाच धुता येत नाही.

म्हणून घरचं उत्तर असं : ट्रान्समिशन जॅक, डायल गेज, इंच-पाउंडांचा टॉर्क रेंच आणि कारखान्याचं मॅन्युअल असेल तर जमेल. बँडचा स्क्रू ७२ इंच-पाउंडांना आवळून मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढेच फेरे मागे घ्यायचे असतात. अंदाजानं नाही. हातात फक्त पाने आणि उत्साह असेल तर गाडी गॅरेजलाच द्या. देताना एकच विचारा : 'कूलरचं काय करणार?' समोरचा 'फ्लश मारू' म्हणाला आणि विषय बदलला, तर दुसरं गॅरेज शोधा.

नंतर चढावर चौथ्याचा हट्ट धरू नका. शिफ्टरच्या टोकावरचं ओव्हरड्राइव्हचं बटण बंद करा आणि तिसऱ्यात, लॉकअप लागलेला ठेवून चढा. कसारा घाटात ट्रकवाले खालच्या गिअरमध्ये गुरगुरत जातात ना, तसं.

प्रश्न : काका, माझ्या ४७ आरई चं तेल पार्कमध्ये तपासलं तर खूप जास्त दिसतं, न्यूट्रलमध्ये बरोबर दिसतं. खरं कुठलं? – एक वाचक, ब्रॅम्प्टन, कॅनडा

उत्तर : न्यूट्रलचं. गाडी गरम, सपाट जागा, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. या घराण्यात मूळच्या व्हॉल्व्ह बॉडीवर पार्कमध्ये कन्व्हर्टरला आणि कूलरला तेल जातच नाही. तुमच्याकडच्या थंडीत सकाळी गाडी पार्कमध्ये गरम करत ठेवता ना? इंजिन गरम होतं, गिअरबॉक्स गारच राहतो. हँडब्रेक ओढून, चाकांखाली दगड लावून न्यूट्रलमध्ये गरम करा, आणि गाडीजवळच थांबा. व्हॉल्व्ह बॉडी दुरुस्तीला गेली तर पार्कमध्येही तेल फिरेल असा बदल करून मिळतो, तो मागून घ्या. तेल एटीएफ प्लस फोर, दुसरं नाही.

प्रश्न : पुण्यात भावाच्या टिपरला 'ऑटोमॅटिक' आहे, म्हणजे एएमटी. त्यालाही मोठा ऑइल कूलर बसवावा का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नको. एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच गिअरबॉक्स आणि कोरडी क्लचप्लेट, फक्त पायाऐवजी यंत्र क्लच दाबतं. तेलानं जोर देणारा कन्व्हर्टर त्यात नाही, तर थंड काय करणार? भावाला एवढंच सांगा की चढावर गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून उभी करू नकोस, ब्रेक धर. नाहीतर क्लचप्लेट तो वर्षाला बदलेल आणि दोष एएमटीला देईल.